रक्तावरची साखर आणि घरातला संशय



साखर म्हटली की आपल्याला चहाचा पेला आठवतो, गुळाची ढेप आठवते, किंवा डॉक्टरांनी गोड बंद केलेला घरातला एखादा वडीलधारा माणूस आठवतो. साखर खावी, तिने अंगी शक्ती यावी, आणि ती प्रमाणाबाहेर झाली तर तिने रोग आणावा, एवढाच तिचा नि आपला संबंध, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु आपल्या प्रत्येकाच्या रक्तात आणखी एक साखर आहे. ती शक्तीसाठी नाही, ओळखीसाठी आहे. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर 'ए', 'बी', 'एबी' किंवा 'ओ' असे जे अक्षर लिहून मिळते, ते या साखरेवरूनच ठरलेले असते.

हे अक्षर आता घरोघरी पोचले आहे. शाळेच्या ओळखपत्रावर ते असते, वाहन चालविण्याच्या परवान्यावर असते, रक्तदान शिबिरातून परतलेल्या तरुणाच्या खिशातील कार्डावर असते. अक्षर कळले की माणसे ते जुळवून पाहतात: बापाचे कोणते, आईचे कोणते, मुलाचे कोणते. येथवर सारे कुतूहलाचे असते. पण एखाद्या घरी ही अक्षरे जुळत नाहीत. मग बोलणे हळू आवाजात होऊ लागते. आणि जिने संसारात काहीही वावगे केलेले नाही अशा स्त्रीकडे घरचेच लोक निराळ्या नजरेने पाहू लागतात. म्हणून हे अक्षर म्हणजे नेमके काय, ते कशावरून ठरते, आणि कोणत्या प्रसंगी त्यावर विसंबून चालत नाही, हे आज जरा सविस्तर पाहू. विषय शास्त्राचा आहे खरा. परंतु त्यातील बऱ्याच वस्तू आपल्या स्वयंपाकघरात नि बांधावर सापडणाऱ्या आहेत.

प्रथम थोडा इतिहास. एका माणसाचे रक्त दुसऱ्यास देण्याचे प्रयत्न युरोपात फार पूर्वीपासून चालत आले होते. कधी रोगी वाचे, कधी तडफडून मरे. आणि असे का होते याचा उलगडा होत नसे. व्हिएन्ना शहरातील कार्ल लँडस्टायनर या डॉक्टराने १९०० च्या सुमारास एक अगदी साधा प्रयोग केला. स्वतःचे व आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन त्याने तांबड्या पेशी वेगळ्या केल्या आणि वरचे पिवळसर पाणी, म्हणजे रक्तरस, वेगळा ठेवला. मग एकाच्या पेशींत दुसऱ्याचा रक्तरस घालून पाहिला. काही जोड्यांत काहीच झाले नाही. काही जोड्यांत मात्र, दूध नासावे तशा, पेशींच्या गुठळ्या झाल्या. या गुठळ्यांच्या हिशेबावरून त्याने १९०१ साली माणसांच्या रक्ताचे तीन गट मांडले. चौथा, एबी, पुढल्या वर्षी इतरांना आढळला. या शोधासाठी लँडस्टायनरला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रक्त देण्यापूर्वी गट पाहण्याची पद्धत त्यातूनच निघाली, आणि तिने किती बाळंतिणींचे व किती अपघातग्रस्तांचे प्राण वाचविले याची गणती करता येणार नाही.

आता प्रश्न असा, की गुठळी होते ती कशामुळे? पेशीवर असे काय असते, की एका रक्तरसाने तिला धरावे आणि दुसऱ्याने सोडून द्यावे?

उत्तर साखरेत आहे. एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशीवर स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते. आणि या आवरणातून, शेतात गवत उगवावे तशी, साखरेच्या रेणूंची बारीक बारीक रोपे वर आलेली असतात. कित्येक साखरा एकमेकींना जोडून त्यांची साखळी झालेली असते. ही साखळी मुळापाशी कशी आहे याला फारसे महत्त्व नाही. तिच्या टोकाला काय आहे, ते महत्त्वाचे.

बहुतेक सर्व माणसांत या साखळीच्या टोकाजवळ फ्यूकोज नावाची एक साखर जोडलेली असते. फ्यूकोज हे नाव लॅटिन भाषेतील एका समुद्रवनस्पतीच्या नावावरून आले, कारण ही साखर प्रथम समुद्रातील शेवाळवर्गीय वनस्पतींत सापडली. फ्यूकोजने पूर्ण झालेल्या या टोकाला शास्त्रज्ञ 'एच' म्हणतात. ज्याच्या पेशींवर केवळ एवढेच टोक असते त्याचा गट ओ. ज्याच्या पेशींवर या टोकाला आणखी एक साखर जोडली जाते त्याचा गट, ती साखर कोणती यावर, ए किंवा बी ठरतो. बी गटात ती गॅलॅक्टोज असते; दुधातील साखरेचा अर्धा भाग असतो तीच ही. ए गटात तिचीच एक बहीण असते. दोघींत काही थोड्याच अणूंचा फरक. एबी गटाच्या माणसाच्या पेशींवर दोन्ही प्रकारची टोके असतात. ए गटाच्या एकाच पेशीवर अशी सुमारे १० लाख टोके असू शकतात, यावरून हे रोपटे किती सूक्ष्म नि किती दाट असेल याची कल्पना यावी.

ही साखर जोडण्याचे काम शरीरातील विशिष्ट प्रथिने करतात. त्यांना विकर म्हणतात. विकर म्हणजे एक प्रकारचा कारागीर समजा. ए गटाचा कारागीर नि बी गटाचा कारागीर हे प्रत्येकी ३५४ दुव्यांचे बनलेले असून त्यांच्यात केवळ ४ दुव्यांचा महत्त्वाचा फरक आहे. ओ गटाच्या माणसांत बहुधा त्या कारागिराच्या आराखड्यातील एकच अक्षर गळलेले असते, आणि तेवढ्याने तो निकामी होतो. हा तपशील १९९० साली उजेडात आला. आपण रक्ताचे नाते, रक्ताचा गुण, कुळाचे रक्त असे मोठमोठे शब्द वापरतो. आणि माणसामाणसांच्या रक्तगटांतील सारा फरक पाहू गेले तर तो एका साखरेच्या असण्या-नसण्याचा निघतो!

आता गुठळीकडे वळू. रक्तरसात प्रतिपिंडे नावाची प्रथिने असतात. ती शरीराची पहारेकरी होत. प्रथिनाच्या अंगावर एक खोलगट जागा असते. त्या खोबणीत विशिष्ट आकाराची साखर बरोबर बसते, दुसरी बसत नाही. जसे एका कुलपात दुसऱ्याची किल्ली फिरत नाही. मात्र एका साखरेची नि एका खोबणीची पकड अतिशय दुबळी असते. क्षणात धरते, क्षणात सुटते. बळ येते ते संख्येने. रानातून येताना साडीच्या काठाला कुसळे चिकटतात, तेव्हा प्रत्येक कुसळ चिमटीने सहज निघते. पण शेकडो कुसळे चिकटली की काठ सुटता सुटत नाही. रक्तगटाच्या प्रतिपिंडांपैकी पुष्कळांना असे दहा हात असतात. दोन हातांनी एक पेशी धरावी, दुसऱ्या दोहोंनी शेजारची, आणि असे होता होता हजारो पेशी एकत्र बांधल्या जाव्या, ही गुठळी.

ए गटाच्या माणसाच्या रक्तरसात बी विरुद्ध पहारेकरी असतात. बी गटाच्या माणसात ए विरुद्ध. ओ गटात दोन्ही. एबी गटात एकही नाही. येथे कोणी विचारील, की ज्या माणसाला जन्मात कधी परके रक्त मिळालेले नाही त्याच्या अंगी हे पहारेकरी आले कोठून? आपल्या आतड्यांत वस्ती करून असलेल्या जंतूंच्या अंगावरही ए व बी यांच्यासारख्या साखरा असतात. बालपणीच्या पहिल्या काही महिन्यांत शरीर त्यांना पाहते; आणि आपल्या स्वतःच्या अंगावर जी साखर नाही तिच्याविरुद्ध पहारा बसविते. जी स्वतःची आहे तिला हात लावीत नाही.

साखर ओळखणारी प्रथिने फक्त माणसाच्याच रक्तात असतात असे नाही. वनस्पतींच्या बियांत ती विपुल आहेत. १८८८ साली एस्टोनियातील विद्यापीठात पीटर हर्मान स्टिलमार्क नावाचा विद्यार्थी एरंडीच्या बियांतील विषाचा अभ्यास करीत असता, त्या अर्काने तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात असे त्याला दिसले. या विषाला रायसिन म्हणतात. त्याचा एक भाग पेशीवरील गॅलॅक्टोजला धरून ठेवतो आणि दुसरा भाग आत शिरून पेशीचा प्रथिने बनविण्याचा कारखानाच बंद पाडतो. एरंडेल तेलात हे विष उतरत नाही. ते पेंडीत राहते. म्हणूनच ती पेंड शेतात खत म्हणून घालतात, गुरांपुढे टाकीत नाहीत. गुंजेच्या लाल-काळ्या बीतही याच जातीचे विष आहे. काही देशांत या सुंदर बियांच्या जपमाळा करीत, त्यावरून इंग्रजीत तिला जपमाळेचा वाटाणा असेच नाव पडले. आपल्या मुलांना एरंडीच्या नि गुंजेच्या बिया तोंडात घालू देऊ नका, एवढे आयांनी अवश्य ध्यानात ठेवावे. राजम्यातही असेच एक प्रथिन आहे. ते घातक विष नसले तरी कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने जबर उलट्या होतात. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, नव्या पाण्यात निदान १० मिनिटे खळखळून उकळावा आणि मग शिजवावा. नुसत्या मंद आचेवर ठेवल्याने हे प्रथिन मरत नाही.

या बियांतील प्रथिनांपैकी काही फार चोखंदळ निघाली. आपला कुळीथच घ्या. भारतात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड या डॉक्टराने १९५१ साली दाखवून दिले, की कुळथाचा अर्क ए गटाच्या तांबड्या पेशींना निवडून धरतो. आजही रक्तपेढ्यांत ए गटाचे पोटगट वेगळे काढण्यासाठी कुळथाचा अर्क वापरतात. ज्या कुळथाचे पिठले आपण भाताबरोबर खातो, तोच तेथे परीक्षक होऊन बसला आहे. (पिठले खाणाऱ्यांनी घाबरू नये, शिजविल्यावर त्या प्रथिनाचा गुण जातो.) या प्रथिनांना अमेरिकेतील विल्यम बॉइड याने १९५४ साली 'लेक्टिन' असे नाव दिले. लॅटिनमधील 'लेगेरे' या धातूचा अर्थ वेचणे, निवडणे; आणि त्याच धातूचा दुसरा अर्थ वाचणे. मिस्साबलीच्या वेळी शास्त्रपाठ वाचणाऱ्याला आपण लेक्टर म्हणतो, तो शब्द याच कुळातला. पेशीवरची खूण वाचून तिला वेचणारे प्रथिन, असा अर्थ घेतला तर नाव किती समर्पक आहे हे दिसून येईल.

ही खूण वाचण्याची विद्या शत्रूलाही अवगत आहे. फ्लूचा विषाणू आपल्या घशातील पेशींवर उतरतो तो त्यांच्यावरील सियालिक आम्ल नावाच्या साखरेला धरूनच. हा विषाणू तांबड्या पेशींच्याही गुठळ्या करतो, हे जॉर्ज हर्स्ट याने १९४१ साली पाहिले. पक्ष्यांच्या नि माणसांच्या पेशींवर ही साखर थोड्या निराळ्या रीतीने जोडलेली असते, म्हणून पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहजासहजी होत नाही. असो. आपण रक्ताकडे परत येऊ.

एच हे टोक फ्यूकोजचे आहे, हे कसे कळले ती हकीकत मनोरंजक आहे. वाम माशाच्या जातीतील ईल नावाच्या माशाचा रक्तरस ओ गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो. लंडनच्या लिस्टर संस्थेतील वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी १९५२ साली त्या रक्तरसात आधीच निरनिराळ्या साध्या साखरा घालून पाहिल्या. इतर साखरांनी फरक पडला नाही; फ्यूकोज घातली तेव्हा मात्र गुठळी होईना. माशाच्या प्रथिनाच्या खोबण्या आधीच फ्यूकोजने भरून गेल्या होत्या. पेशी धरायला हात मोकळा उरला नव्हता. यावरून तो हात कोणती साखर शोधीत होता हे सिद्ध झाले.

आणि त्याच वर्षी, १९५२ साली, आपल्या मुंबईहून एक चमत्कारिक बातमी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांना मुंबईत अशी माणसे आढळली, की ज्यांच्या पेशी ए नव्हत्या, बी नव्हत्या, आणि ओ सुद्धा नव्हत्या. त्यांच्या रक्तरसाने ए, बी, एबी यांच्या पेशींच्या गुठळ्या होतच. पण ज्या ओ गटाचे रक्त कोणालाही चालते अशी त्या काळी समजूत होती, त्याच्याही पेशींच्या गुठळ्या होत. त्या लेखावर मॉर्गन व वॉटकिन्स यांचीही नावे आहेत. हा गट आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' या नावाने ओळखला जातो. शहराचे नाव बदलून मुंबई झाले, पण रक्ताने जुने नाव टिकवून धरले आहे.

या माणसांत काय उणे आहे? फ्यूकोज जोडणारा कारागीर. ती एक साखर नसल्याने एच हे टोकच तयार होत नाही. आणि मग त्याच्या पुढचेही काही होत नाही. भिंतीला खुंटी असेल तर तिच्यावर टोपी अडकविता येते. खुंटीच नसेल तर घरात टोपी असूनही ती अडकविणार कोठे? बॉम्बे गटाच्या माणसाला आईबापांकडून ए किंवा बी गटाचा कारागीर मिळालेला असू शकतो. पण त्याला साखर बसवायला जागाच मिळत नाही. तो कारागीर बेकार राहतो, आणि माणूस तपासणीत ओ सारखा दिसतो.

यातून दोन संकटे उद्भवतात: एक रुग्णालयात, एक घरात.

रुग्णालयातील संकट असे. घाईची साधी तपासणी पेशींवर ए व बी ओळखणारी द्रव्ये घालून करतात. दोहोंनीही गुठळी झाली नाही की 'ओ' असे लिहितात. बॉम्बे गटाच्या माणसाचेही तसेच होते. त्याला ओ गटाचे रक्त चढविले, तर एच विरुद्धचे त्याचे पहारेकरी त्या परक्या पेशींवर तुटून पडतात. पेशी फुटतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि माणूस दगावू शकतो. यावर उपाय आहे, आणि तो चांगल्या रक्तपेढीत नित्य केला जातो. केवळ पेशी न तपासता रोग्याचा रक्तरसही ओळखीच्या पेशींशी, त्यात ओ गटाच्या पेशींशीही, ताडून पाहतात. आणि प्रत्यक्ष रक्त चढविण्यापूर्वी दात्याच्या पेशी व रोग्याचा रक्तरस एकत्र करून गुठळी होते की काय ते बघतात. शंका आल्यास आणखी एक बी कामास येते. युरोपातील गॉर्स नावाचे एक काटेरी, पिवळ्या फुलांचे झुडूप आहे. ते आता निलगिरीच्या डोंगरांतही पसरले आहे. त्याच्या बियांतील लेक्टिन नेमके एच टोकाला धरते. ओ गटाच्या पेशी त्याने गोळा होतात. बॉम्बे गटाच्या होत नाहीत. म्हणून 'रक्त जुळवून पाहायला वेळ लागेल' असे रक्तपेढीतील मनुष्य म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. तो वेळ आपल्याच माणसाच्या जिवासाठी असतो.

आता घरातील संकट. पुस्तकी नियम असा, की आई ओ, बाप ओ, तर मूल ओ. नियम जवळजवळ नेहमी खरा ठरतो. आता असे समजा, की एका घरी बापाचा गट ओ आहे. आईच्या कार्डावरही ओ लिहिले आहे. परंतु वस्तुतः ती बॉम्बे गटाची आहे, आणि तिच्यात ए गटाचा बेकार कारागीर दडलेला आहे. मूल जन्मते. त्याला आईकडून ए चा कारागीर मिळतो, आणि बापाकडून फ्यूकोजचा. खुंटीही आली, टोपीही आली. मुलाच्या कार्डावर 'ए' असे अक्षर उमटते. ते मूल त्याच आईचे नि त्याच बापाचे आहे. किंबहुना दोघांच्या देणगीवाचून ते अक्षर उमटलेच नसते. आणि जगाला मात्र त्या अक्षरात भलतेच काही दिसते.

हेच उलटही होऊ शकते. बाप बॉम्बे गटाचा असेल नि आई ओ गटाची, तरी परिणाम तोच. पण आपल्याकडे असा प्रसंग आला की संशयाचे बोट कोणाकडे वळते हे मी सांगावयास नको. बाप तपासून घेण्याचे कोणाला सुचत नाही. सून, बायको, आई हिलाच प्रश्न विचारले जातात, आणि विचारणारे आपण शास्त्राच्या आधारे बोलत आहो असे समजतात.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. अक्षरे जुळली नाहीत म्हणजे घरात बॉम्बे गट आहेच, असे नव्हे. भारतात हा गट साधारणतः १०,००० माणसांत एकाचा असतो; युरोपात तर १० लाखांत एखाद्याचा. अक्षरे न जुळण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे चूक: शिबिराच्या गर्दीत नळी बदलली, कार्डावर दुसऱ्याचे अक्षर पडले, तान्ह्या मुलाची तपासणी फार लवकर झाली. म्हणून पहिले पाऊल असे, की तिघांचीही तपासणी चांगल्या रक्तपेढीत पुन्हा करून घ्यावी, आणि पेशी व रक्तरस दोन्ही पाहण्यास सांगावे. तोपर्यंत एकही शब्द तोंडातून जाऊ नये. आठवी आज्ञा आपल्याला खोटी साक्ष देऊ नकोस असे सांगते. आणि अर्धवट समजलेल्या एका अक्षराच्या जोरावर कोणाच्या शीलाविषयी कुजबुजणे ही खोटी साक्षच होय, मग ती चावडीवर दिलेली असो वा चुलीपाशी. चिठ्ठी दुरुस्त करायला पाच मिनिटे लागतात. गावात पसरलेला शब्द परत गोळा करता येत नाही.

आता ज्यांच्या घरी हा गट निघेल त्यांच्यासाठी. बॉम्बे गट हा रोग नाही. ती माणसे इतरांसारखीच निरोगी असतात, काबाडकष्ट करतात, आयुष्य जगतात. त्यांची अडचण एकच: त्यांना फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते, त्यातही आरएच जुळावे लागते. असे रक्त प्रत्येक रक्तपेढीत कोठून असणार? आणि साठविलेल्या तांबड्या पेशी साधारणपणे ३५ ते ४२ दिवसच टिकतात. अधिक काळ टिकवायच्या तर त्या खास रीतीने गोठवून ठेवाव्या लागतात. म्हणून ऐनवेळी जिवंत दाता हाच आधार.

असा दाता कोठे शोधावा? प्रथम आपल्याच भावंडांत. फ्यूकोजचा कारागीर निकामी असण्याचा गुण आईकडून व बापाकडून, दोघांकडूनही, यावा लागतो. एकाकडून आला तर तो झाकलेला राहतो. झाकलेला गुण असलेल्या आईबापांच्या प्रत्येक मुलाला हा गट मिळण्याची शक्यता चारांत एक असते. त्याचा अर्थ असा, की एका भावाचा गट बॉम्बे निघाला तर सख्ख्या भावाबहिणींपैकी आणखी एखाद्याचा तोच असण्याचा पुष्कळ संभव आहे. दहा हजार परक्यांत जो कदाचित सापडेल, तो आपल्याच ओसरीवर बसलेला असू शकतो. आपल्या गावांत बांधाच्या हातभर जमिनीवरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ काही थोडे नाहीत. त्यांनी या हिशेबाचा एकदा शांतपणे विचार करावा.

जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे असे झाकलेले गुण एकत्र येण्याचा संभव वाढतो, कारण एकाच आजोबांचा किंवा आजीचा गुण दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार सख्ख्या चुलत, मामे, आते व मावस भावंडांच्या विवाहाला विशेष परवानगी लागते. घरची जमीन घरात राहावी किंवा भाचीला परके घर नको, अशा विचाराने ही परवानगी मागण्यास येणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या बाजूचाही विचार अवश्य करावा.

विरळ गटांच्या दात्यांची नोंद ठेवण्याची व्यवस्थाही आपल्याकडे आहे. मुंबईत १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासासाठी जे केंद्र सुरू झाले, तेच पुढे वाढून परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी' ही संस्था झाले. अवघड रक्तगटांचा निर्णय करण्याचे नि विरळ दात्यांची नोंद ठेवण्याचे काम तेथे चालते. आपल्या जवळच्या मोठ्या रक्तपेढीमार्फत तेथे विचारणा करता येते. ज्याचा गट बॉम्बे ठरला असेल त्याने कार्डावर 'ओ' हे अक्षर तसेच राहू देऊ नये. 'बॉम्बे' हा शब्द स्पष्ट लिहून घ्यावा, आणि तो घरातील सर्वांना पाठ असावा. ठरलेली शस्त्रक्रिया असेल किंवा घरात गरोदर स्त्री असेल, तर डॉक्टरांना हे आधीच सांगावे.

बाकीच्या आपण सर्वांनी काय करावे? आपल्या देशात १८ ते ६५ वर्षांचा, ४५ किलो किंवा अधिक वजनाचा निरोगी मनुष्य रक्त देऊ शकतो. पुरुषांनी ९० दिवसांचे व स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. विरळ गटाची माणसे सापडतात ती बहुधा अशीच, कोणीतरी रक्त द्यायला आला, तपासणी करणाऱ्याला गुठळी दिसायला नको तेथे दिसली, आणि त्याने नीट शोध घेतला म्हणून. जितके लोक रक्त देतील तितके असे दाते उजेडात येतील.

तेव्हा आपल्या गावात किंवा तालुक्यात पुढचे शिबिर भरेल त्या दिवशी सकाळी न्याहारी करून निघा, कार्ड जवळ असेल तर बरोबर घ्या, आणि ज्या भावाशी बोलणे बंद असेल त्याच्या दारावरून जाताना त्यालाही हाक मारा.